तक्रार: ‘मूळ मापाचा’ म्हणून पाठवलेला पिस्टन 1 मिमीने बुटका

प्रति,
विभागप्रमुख, सुटे भाग व ग्राहक सेवा

विषय: जुन्या 75 सीसी चेनसॉसाठी घेतलेला पिस्टन-रिंग संच, आणि तुमच्या तांत्रिक सल्लागाराने आज फोनवर दिलेला सल्ला

महोदय,

फोन ठेवला आणि लिहायला बसलो. डोकं थंड झाल्यावर लिहा, असं घरच्यांचं म्हणणं होतं. पण तेवढ्यात तुमचा मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले असून ती बंद करण्यात येत आहे.’ कोणाचं समाधान झालं ते कळलं नाही. माझं नाही, एवढं नक्की.

पिस्टन म्हणजे काय हे मी तुम्हाला समजावत बसणार नाही. तुम्ही ते बनवता, निदान पाकिटावर तरी तसं छापलंय. तेव्हा थेट मापांवर येतो.

50 मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), दोन रिंगांचा पिस्टन, क्रोमचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियमचं सिलिंडर. मॉडेलचा क्रमांक ऑर्डरमध्ये होता, तक्रारीत होता, फोनवर तर मी तो अक्षर न् अक्षर फोडून सांगितला. जुन्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, 120 पीएसआयवर आलं होतं. इंजिन थंड असताना चालू व्हायचं, पण तापल्यावर बंद केलं की पुन्हा सुरू करताना दोरी ओढून ओढून खांदा निघायचा. एरवी काही कुरकुर नव्हती. म्हणून तुमचा संच मागवला. तो बसवल्यावर किती यावं? 150 च्या आसपास. आलं 98.

पुन्हा लिहितो. झिजलेल्या रिंगांवर 120, तुमच्या कोऱ्या पिस्टनवर 98. झीज भरून काढायला माणूस नवा भाग घेतो; तुमच्याकडे नवा भाग घेऊन झीज विकत मिळते.

‘तुमचा गेज खोटा असेल’ हे तुमचं पहिलं उत्तर. गेजच्या टोकालाच, म्हणजे स्पार्क प्लगच्या भोकाशी, व्हॉल्व्ह आहे. मोटारीसाठीचा असा गेज, की ज्याचा व्हॉल्व्ह पार मागे डायलजवळ असतो, तो मी वापरलेला नाही. त्यात अख्ख्या नळीतली जागा एवढ्याशा ज्वलनकक्षात मिळते आणि आकडा कमी दिसतो, हे मलाही माहीत आहे. चोक उघडा, थ्रॉटल पूर्ण दाबलेला, काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. हाच गेज लगेच दुसऱ्या चेनसॉला लावला, तिथे 150. गेज माणूस बघून आकडा बदलत नाही.

‘रिंगा बसू द्या, सुरुवातीला कमीच येतं’ हे दुसरं उत्तर. यात तथ्य आहे, म्हणून ऐकलं. टाकीमागून टाकी जाळली. 98 चं 105 झालं आणि तिथेच थांबलं. मग प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब टाकून पुन्हा मोजलं. रिंगांतून हवा निसटत असेल तर तेलाने ती फट बुजते आणि आकडा चांगलाच वर जातो. इथे जेमतेम हलला. म्हणजे चोर रिंगेत नाही. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तोंडाची फटही फिलर गेजने मोजली: 0.3 मिमी. 50 च्या बोअरला 0.2 असती तर जास्त आवडलं असतं, पण 0.3 ला मी नावं ठेवणार नाही. तुमच्या संचातली एवढी एकच गोष्ट धड आहे, तिची दखल घेतली पाहिजे.

मग पिस्टनचा माथा आणि सिलिंडरचा माथा यांतलं अंतर मोजायला सोल्डरची तार घेतली. प्लगच्या भोकातून आत सोडून, पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना, म्हणजे पिस्टन डोलला तरी माप चुकू नये अशी, आणि इंजिन हाताने फिरवून चेपली. जुन्या पिस्टनला 0.8 मिमी आलं होतं, तुमच्याला 1.8. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पिस्टन बाहेर काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून व्हर्नियर लावला. पिनच्या भोकाच्या वरच्या काठापासून माथ्यापर्यंत मूळ पिस्टन 26.0 मिमी, तुमचा 25.0.

पूर्ण एक मिलिमीटर. 50 च्या बोअरवर एक मिलिमीटर म्हणजे जवळपास 2 घनसेंटीमीटर. या इंजिनाचा ज्वलनकक्षच मुळात आठेक घनसेंटीमीटरचा. पाव हिस्सा जागा तुम्ही फुकट वाढवून दिलीत! शिवाय माथा खाली गेल्यामुळे एक्झॉस्ट पोर्ट आधी उघडतो आणि उशिरा झाकतो, म्हणजे पोर्टची वेळही बिघडते. दोन्हीकडून मार. चेनसॉ स्टार्टरच्या मुठीला धरून उचलला की पूर्वी तो अडखळत, दमानं खाली यायचा, एकेका दाबाला थांबत. आता सरळ पायाशी आदळतो. त्याला गेजही लागत नाही.

हे सगळं मोजमापांसह, फोटोंसह तुम्हाला कळवलं होतं. त्यावर ‘आमचे तांत्रिक सल्लागार आपल्याशी संपर्क साधतील’ असं उत्तर आलं. आज त्यांनी साधला. तो संवाद मी मुद्दाम पूर्ण देतो, कारण तुमच्याकडे कॉल ‘दर्जा सुधारण्यासाठी’ रेकॉर्ड होतात म्हणे, आणि ते कोणी ऐकत असेल यावर माझा काडीचा विश्वास नाही.

त्यांनी विचारलं, “सर, प्रॉब्लेम काय येतोय?”

मी म्हटलं, “कॉम्प्रेशन कमी आहे. 105. पिस्टन एक मिलिमीटर बुटका आहे.”

“ओके सर. चेनला ऑइल टाकता का?”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा म्हटलं, “कॉम्प्रेशन. इंजिनाचं.”

“हो सर, तेच. चेन टाइट असेल तर इंजिनवर लोड येतो, मग कॉम्प्रेशन ड्रॉप होतं.”

“चेन मी काढून ठेवलीय. बारही काढलाय. क्लचही बाहेर आहे. इंजिन बाकावर आहे.”

इथे थोडी शांतता. की-बोर्डचा आवाज. मग ते म्हणाले, आणि हे मी शब्दशः लिहितोय:

“मग सर, एकदा चेन बसवून बघा.”

महोदय, मी थोडा वेळ बोललोच नाही. चेन घट्ट म्हणून कॉम्प्रेशन कमी. चेनच नाही म्हटल्यावर चेन नाही म्हणून कॉम्प्रेशन कमी. या माणसाने चेनसॉ कधी चित्रात तरी पाहिला असेल का? तरी मी आवाज चढवला नाही. विचारलं, “बरं, संचातल्या रिंगांवर क्रोम आहे की साधं बीड?” हा प्रश्न उगाच नव्हता. माझं सिलिंडर आतून क्रोमचं आहे, आणि क्रोमच्या बोअरमध्ये क्रोमची रिंग घालत नाहीत, दोन्ही एकमेकांना खातात. तुमच्या पाकिटावर याबद्दल एक अक्षर नाही. उत्तर आलं:

“सर, कलर सिल्व्हर आहे.”

मग म्हणाले, आजकाल सगळे बोअर निकासिलचे असतात, काळजी करू नका. निकासिल, म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा, माहले या जर्मन कंपनीने 1967 मध्ये आणलं, तेही व्हँकेल (फिरत्या पिस्टनच्या) इंजिनासाठी. चेनसॉच्या बोअरमध्ये ते सर्रास दिसायला लागलं त्याच्या बऱ्याच नंतर, आणि माझं यंत्र त्या आधीच्या पिढीतलं आहे. ‘जुन्या मॉडेलसाठी खास’ असं छापून माल विकणाऱ्या कंपनीला हे मी सांगायचं? याच बोअरवर पूर्वी सीझ झालेल्या पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलं होतं. ते काढताना मी ॲसिड वापरलं नाही, कारण हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोमच उडवून टाकतं. कॉस्टिक सोड्याचा बोळा फिरवत, पोर्टच्या काठाशी उघड्या ॲल्युमिनियमला लागू न देता, एकेक डाग उचलला. एवढं जपलेलं सिलिंडर आणि त्यात घालायला ‘सिल्व्हर कलर’!

त्यानंतर मला होल्डवर ठेवलं. बासरी लावली होती. परत आल्यावर म्हणाले, सीनियरशी बोललो, क्रँकशाफ्टचे सील गेलेत, ते बदला. जुन्या यंत्राचे सील वाळतात, हे खरंच आहे. त्यातून हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन चिकटतो. पण सील असतात खाली क्रँककेसला. गेज मोजतो वर, पिस्टनच्या माथ्यावरचा दाब. सील पार काढून फेकले तरी त्या आकड्यात फरक पडायचा नाही. हे तुमच्या सीनियरना माहीत नसेल तर ते कशात सीनियर आहेत?

आणि शेवटचं वाक्य, ज्यासाठी बहुधा हा सगळा फोन होता: “सर, मशीन खूप जुनं झालंय. किती दिवस ओढणार? आमची एक्स्चेंज ऑफर चालू आहे.”

ज्या यंत्राचे भाग विकून तुम्ही पैसे घेता, ते जुनं आहे म्हणून फेकून द्या असं तुम्हीच सांगता. मॅग्नेशियमचं ओतीव अंग, प्लॅटिनम पॉइंटचं इग्निशन, प्लास्टिक शोधून सापडणार नाही. सगळं माणसाला उघडता, मोजता आणि परत बसवता येतं. जुनं आहे म्हणून तर तुमच्या दारात आलो. नवं हवं असतं तर तुमची आठवणही झाली नसती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित गप्प बसलो असतो. पण फोननंतर लगेच एक ईमेल आली, त्याच सीनियरची असावी, खाली नाव नाही. त्यात एका ओळीचा उपाय आहे: ‘कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी बेस गॅस्केट काढून सिलिंडर थेट सीलंटवर बसवावा.’

ही ओळ जरा नीट वाचा. सिलिंडरखालचं गॅस्केट काढायला कोण सांगतं? ज्याला ठाऊक आहे की पिस्टन आणि सिलिंडरच्या माथ्यात अंतर जास्त पडलंय. म्हणजे तुमच्याकडे कोणाला तरी पक्कं माहीत आहे की हा पिस्टन बुटका आहे. दुसऱ्याच मॉडेलचा पिस्टन, बोअर आणि पिन जुळतात म्हणून, या मॉडेलच्या पाकिटात भरताय. माहीत असूनही माझ्या गेजला खोटं ठरवलंत, रिंगा बसेपर्यंत थांबायला लावलंत, चेन घालायला सांगितलीत. अडाणीपणा मी समजू शकतो. हा अडाणीपणा नाही.

आणि उपायही अर्धाच. गॅस्केट 0.5 मिमीचं. ते काढून अर्धा मिलिमीटर भरून आला, उरलेला अर्धा कुठून आणू? सिलिंडरचा पाया लेथवर तासू? ज्या सिलिंडरला आज पर्याय मिळत नाही ते कापायचं, आणि ते कशासाठी, तर तुमचा चुकीचा पिस्टन बरोबर ठरावा म्हणून?

जाता जाता, संचातल्या पिन अडवणाऱ्या सर्कलिपाही बघा. खाचेत बसवल्यावर त्या बोटाने फिरतात. एक जरी निसटून पोर्टमध्ये गेली तर बोअर संपला. मी जुन्याच पिनबरोबरच्या परत वापरल्या. दुसरा कोणी तुमच्यावर विश्वास ठेवून पाकिटातल्याच वापरेल, त्याचं काय?

एकेकाळी तुमच्या नावाचा भाग आला की मी माप न घेता बसवायचो. तुमच्या रिंगांवर मी किती इंजिनं उठवली आहेत आणि ओळखीच्यांना किती वेळा ‘यांचंच घ्या’ म्हणून सांगितलं आहे! ते सगळे आता मला विचारतात. आजपासून मी त्यांना व्हर्नियर दाखवणार आहे.

मला हवं आहे ते असं. 26.0 मिमीचा पिस्टन, पाठवण्याआधी तुमच्या माणसाने मोजलेला, मापाची चिठ्ठी सहीसह आत घातलेली. रिंगा कसल्या धातूच्या ते लेखी. तसा पिस्टन तुमच्याकडे नसेल तर तसं सरळ कबूल करा, पूर्ण पैसे परत करा आणि हा संच या मॉडेलच्या नावाने विकणं बंद करा. क्रेडिट नोट नको, सवलतीचं कूपन नको, एक्स्चेंज ऑफर तर मुळीच नको. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर दोन्ही पिस्टनचे शेजारी शेजारी ठेवलेले फोटो, मापं आणि ती गॅस्केटची ईमेल जशीच्या तशी जगासमोर ठेवीन, आणि पुढचा पत्रव्यवहार माझ्या वकिलामार्फत होईल. फोन मात्र करू नका. फोनवर मी यापुढे तुमच्याशी बोलणार नाही.

आपला,
(अजून तरी) एक ग्राहक

ता. क. – सोबत फोटो जोडले आहेत. चेपलेल्या सोल्डरला डिजिटल व्हर्नियर लावलेला फोटो उलटा आलाय. तो आकडा 1.8 आहे, 8.1 नाही.