वाढई काकाजींना, मनापासून

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

तान्ह्या पोळ्याचं प्रदर्शन आटोपलं, मांडलेले लाकडी नंदीबैल ज्याच्या-त्याच्या घरी सुखरूप पोचले. आता तुमचे आभार मानायचे आहेत आणि ते चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे उघडं पत्र. नाव छापू नका असं तुम्ही बजावलंय, ते पाळतो. गावात वाढई काकाजी, म्हणजे सुतारकाका, म्हटलं की कोण, हे सांगायची तशी गरजही नाही.

आपलं संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन खोल्या. नागपूरचं मोठं संग्रहालय, अजब बंगला, 1863 पासूनचं. तिथं शिल्पं आहेत, शस्त्रं आहेत, नाणी आहेत. आपल्याकडे तिफन, वखर, पायली, जातं, कंदील आणि बैलबंडीचं एक जुनं चाक. बाहेरच्या माणसाला ही अडगळ वाटेल. पण गावाचा इतिहास या वस्तूंतच आहे, हे आम्हाला मनापासून वाटतं, आणि तुम्हालाही वाटतं हे यंदा कळलं.

घराघरांतले जुने लाकडी नंदी मांडायचे, असं यंदा ठरलं. तान्हा पोळा दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळात नागपुरात सुरू झाला असं सांगतात. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी लेकरांचा. नंदी सजवायचा, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी म्हणायची, घरोघरी फिरून बोजारा म्हणजे खाऊ-पैसे गोळा करायचे. लेकरू मोठं झालं की नंदी माळ्यावर जातो. लोकांनी विश्वासानं ते काढून दिले. कुणाचं शिंग मोडलेलं, कुणाची चाकं गेलेली. आणि बहुतेकांचं सांगणं एकच: काकाजींकडून जरा रंगवून चकाचक करून घ्या.

तुम्ही ओट्यावर बसून एकेक नंदी उलटा केला, पोटाखालून बोट फिरवलं. एकाच्या खुराजवळ रंगाचा टवका उडाला होता. तिथं नखानं दाखवलंत: वर पांढरा, त्याखाली पिवळसर, त्याखाली पुन्हा पांढरा, तळाशी गेरू. म्हणालात, "हे त्यायच्या घरचे पोळे होय. याच्यावर नवा रंग मारला त मंग याच्यात आन बाजारातल्यात फरक काय राह्यला, बाप्पा?" ज्यांनी नंदी दिला होता त्या आजी शेजारीच उभ्या होत्या. गेरूचा थर बघून त्या आपल्या सासऱ्यांबद्दल बोलू लागल्या, आणि नोंदवहीचं पान भरलं. त्यानंतर रंगवा असं कुणी म्हटलं नाही.

मोडलेलं शिंग चिकटवताना तुम्ही सरस, म्हणजे सुतारांचा जुना डिंक, वापरला. गरम पाण्यानं सरस सुटतो, उद्या कुणाला यापेक्षा चांगलं जमलं तर माझं काम काढता आलं पाहिजे, हे तुमचं कारण. मोठमोठ्या संग्रहालयांत दुरुस्ती करणारे हाच नियम पाळतात: जे जोडाल ते वस्तूला इजा न होता सोडवता यावं. तुम्हाला तो कुणी शिकवला नव्हता.

लाकूड पोखरणाऱ्या घुणाचंही तसंच. दोन नंदींना बारीक भोकं होती. तुम्ही ते रात्रभर काळ्या कागदावर ठेवायला सांगितले. सकाळी एकाखाली कागद स्वच्छ होता, दुसऱ्याखाली पिठासारखा भुगा पडलेला. म्हणजे पहिल्यातला घुण केव्हाच गेलेला, दुसऱ्यातला जिवंत. तो नंदी लगेच बाकीच्यांपासून वेगळा केला, आणि तुम्ही सुईनं एकेका भोकात औषध सोडलंत. उन्हात ठेवू का, असं एका पोरानं विचारलं तर "तडकीन ना" म्हणून थांबवलंत. त्या दिवसापासून संग्रहालयात येणारी प्रत्येक लाकडी वस्तू आधी काळ्या कागदावर जाते.

पण सगळ्यांच्या लक्षात राहिली ती चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवण्याची दुपार. शाळेच्या पोरांना बंडीचं चाक कसं बनतं ते बघायचं होतं. आता बंड्या रबरी टायरच्या, घडवलेलं चाक त्यांनी बघितलेलं नाही. जुन्या चाकाला हात लावायचा नाही, दाखवायला नवं करू, असं तुम्ही म्हणालात आणि बाभळीचा तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, घेऊन कामाला लागलात. आरे बसवलेत, लोहारदादांना बोलावून घेतलंत. धाव चाकापेक्षा थोडी लहानच केलेली असते, हे पोरांना खरं वाटेना. गोवऱ्यांच्या विस्तवात ती लाल झाली, फुगली, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवली. लाकडानं धूर सोडला, लगेच बादल्यांनी पाणी ओतलं, आणि लोखंड आवळताना सांधे कडाकडा बसल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. एकही खिळा नाही! विज्ञानाच्या पुस्तकातलं धातूचं प्रसरण त्या दिवशी पोरांच्या डोळ्यांसमोर घडलं.

मजुरीचं विचारलं तर "लोहाराची आधी द्या" म्हणालात. ती दिली. तुमची अजून घेतलेली नाही, आणि आम्ही ती विसरणार नाही. काकूंचेही आभार, तुमच्या घरचं अंगण इतके दिवस भुशानं भरलेलं त्यांनी चालवून घेतलं.

आता एक विनंती. गावातली दोन पोरं तुमच्या हाताखाली शिकायला तयार आहेत. तिफनीचे फण सैल झालेत, सुरुवात तिथून करता येईल. लाकूड आम्ही आणतो. कापसाची वेचणी आटोपली की रविवारी सकाळी या, खोली उघडी ठेवतो.

आपले नम्र,
संग्रहालय सांभाळणारे आम्ही सगळे