बदलीवाल्या मित्रास

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला. पोरगी दोन महिन्यांची आणि दोन वर्षांत तिसरी बदली म्हटल्यावर माणसाचं डोकं फिरणारच. मी इथे अमेरिकेत कोलंबसमध्ये बसून काय करणार म्हणा, पण परवा आइस हॉकीची मॅच बघायला गेलो होतो (गोल झाला की तोफ वाजवतात रे, माझे पॉपकॉर्न सांडले) आणि तुझीच आठवण आली.

माइक सिलिंजर नावाचा प्लेयर होता, कॅनडातल्या रेजायनाचा. १९८९ ला डेट्रॉइटने ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात ना, त्यात) अकराव्या नंबरला उचललेला, म्हणजे गडी ऐरागैरा नव्हता. पण पुढे अनाहाइम, व्हँकुव्हर, फिलाडेल्फिया, टँपा, फ्लोरिडा, ओटावा, मग आमचं कोलंबस... असं करत एकूण १२ टीम झाल्या आणि ९ वेळा ट्रेड, म्हणजे एका टीमने दुसरीला देऊन टाकणं! एनएचएलचा, इथल्या मोठ्या हॉकी लीगचा, विक्रमच तो. काँट्रॅक्टमध्ये ट्रेड न करण्याची अट नसेल तर प्लेयरला कोणी विचारतही नाही, फोन येतो, बॅग भरायची.

लोक म्हणतात कुठेच टिकला नाही. मला नाही पटत. १,०४९ मॅच खेळला बाबा, २४० गोल मारले, आणि फेसऑफला, म्हणजे पंच दोघांच्या मधे चकती टाकतो ना तेव्हा, ती आपल्याकडे ओढण्यात पक्का वस्ताद. असला माणूस प्रत्येक टीमला हवाच असतो, म्हणून तर सारखा कुणीतरी मागून घ्यायचा. चौतिसाव्या वर्षी एका सीझनमध्ये ३२ गोल मारले, करिअरमधले सगळ्यात जास्त, आणि त्याच सीझनमध्ये मधेच सेंट लुइसने त्याला नॅशव्हिलला धाडला. आता बोल! स्टॅनले कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, मात्र शेवटपर्यंत नाही मिळाला.

पण मला आठवतो तो २००३ चा किस्सा. मे महिन्यात इथेच, कोलंबसला, त्याला मुलगा झाला, कोल. जुलैमध्ये ट्रेड, डॅलसला. आणि डॅलसने त्याच दिवशी पुढे फिनिक्सला देऊन टाकला, डॅलसची जर्सी घालून एक मॅचसुद्धा नाही. तुझी तरी एका दिवसात दोनदा झाली नाही ना बदली?

तो कोल २०२१ च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या नंबरला गेला, बापाच्या एकच नंबर मागे. घेतला कुणी, तर कोलंबसने. परवा मी तोच बघायला गेलो होतो.

बरं, पोरीचं लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेव, ट्रकमध्ये टाकू नकोस. आणि नवीन पत्ता पाठव, वहिनींनी मागितलेला स्वेटर आता तिकडेच पाठवतो.

तुझा,
बंड्या