डावखुऱ्याला उजव्या हाताची बंदूक विकून वर "हात बदला" म्हणणाऱ्या कंपनीला

मॅनेजर साहेब,

काल दुपारी तुमच्या कस्टमर केअरवाल्यानं माझं बोलणं मधातच तोडून फोन ठेवला, म्हणून हे पत्र. हा सहावा फोन होता. बिल नंबर, बंदुकीचा नंबर, परवान्यावरची नोंद सगळं तुमच्या कम्प्युटरात आहे, ते पुन्हा लिहीत बसत नाही.

तुमची 12 बोअरची ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची छर्र्यांची बंदूक, मी सप्टेंबर 2024 मध्ये घेतली, पोळा झाल्यावर, 30 इंची नळ्यांची. आधी आठ महिने मी फक्त माहिती काढत होतो, कारण मी डावरा आहे आणि माझा डोळाही डावाच जोरात आहे. मित्राकडं पंप ॲक्शन आहे, ती मारून पाहिली, तिचं रिकामं काडतूस उजवीकडून निघते म्हणजे माझ्या तोंडासमोरून जाते, दर वेळी डोळे मिटल्या जातात, मग खेळात हवेत फेकतात ती फोडायची उडती चकती दिसणार कशी? ओव्हर-अंडर मधून मोडते, काडतुसं मागं निघतात, दोन्ही नळ्यांसाठी नजरेची रेघ एकच, दोन नळ्यांत दोन वेगळे चोक, म्हणजे छर्र्यांचा मार आवळणारे नळीच्या तोंडाचे तुकडे, लावता येतात, आणि उघडी धरली की रेंजवरच्या पोरालाही लांबून दिसते की बंदूक रिकामी आहे. इतका सगळा विचार करून सव्वादोन लाख मोजले. दोन सालचा हरभरा आहे तो साहेब.

ऑर्डर फॉर्मवर "डावखुरा" या रकान्यात मी खूण केली होती. फॉर्मची झेरॉक्स माझ्याकडं आहे. दुकानात तुमच्या माणसाला तोंडानंही सांगितलं, तो म्हणाला हो हो, आमचा दस्ता न्यूट्रल आहे, दोन्ही हातांना चालते. मी विश्वास ठेवला, ही माझी चूक झाली असं आता घरचे म्हणतात, मी म्हणत नाही. गिऱ्हाईकानं फॉर्म भरायचा आणि कंपनीनं तो वाचायचा, एवढं तर असते ना.

रेंजवर पहिल्याच दिवशी 25 चकत्यांत माझ्या 6 फुटल्या आणि गाल सुजला. दुसऱ्या रविवारी 7. मला वाटलं माझंच चुकून राहिलं, मी दीड महिना स्वतःलाच दोष देत होतो. मग तिथल्या जुन्या उस्तादांनी बंदूक हातात घेतली, मागून नळीवर नजर टाकली आन् म्हणाले, "भाऊ, हा दस्ता तुमच्या तोंडाशी भांडून राह्यला." दस्ता उजवीकडं वाकवलेला आहे. मूठही उजव्या तळहातासाठी फुगवलेली आहे, तो उंचवटा माझ्या बोटांखाली येते. दस्त्याच्या या वाकाला कास्ट-ऑफ म्हणतात हे तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? उजव्या हाताच्या माणसाचा डोळा बरोबर नळीच्या रेघेवर यावा म्हणून दस्ता त्याच्या गालापासून दूर वाकवतात. डावखुऱ्याला तोच वाक उलटा पडते, दस्ता गालात घुसते, डोळा रेघेच्या उजवीकडं जाते आणि मार उजवीकडं जाते. डावखुऱ्याला कास्ट-ऑन लागते, म्हणजे डावीकडं वाकवलेला दस्ता.

नुसतं बोलायचं नको म्हणून मोजून पाहिलं. मोठं पुठ्ठं उभं केलं, मधात टिकली काढली, 16 यार्डावरून म्हणजे आपल्या साडेचौदा मीटरवरून नेम न साधता झटकन खांद्याला लावून आठ फैरी मारल्या. सगळ्यांचा मध्य टिकलीच्या उजवीकडं 4 इंच. या अंतरावर एक इंच चुकलं तर दस्त्यात इंचाचा सोळावा हिस्सा फरक करायचा असतो, म्हणजे माझ्या बंदुकीला पाव इंच. 35 यार्डावर तोच फरक पावणेनऊ इंच होते. चकती केवढी? 110 मिलिमीटर, सव्वाचार इंच. म्हणजे मी बरोबर मारलं तरी छर्र्यांचा मधला दाट भाग चकतीच्या बाजूनं निघून जाते. फोटो तीनदा मेल केले. उत्तर तीनदा तेच आलं, "आपकी शिकायत दर्ज कर ली गई है." मी मराठीत लिहिलं होतं.

आता कालचा फोन. मी सगळं शांतपणे सांगितलं, दस्ता, वाक, पाव इंच. तो पोरगा म्हणते, "सर, ओव्हर-अंडरला लेफ्ट-राइट नसतं, वर-खाली असतं." मी म्हटलं बाबा, नळ्या वर-खाली असतात, माणसाचा गाल वर-खाली नसते. तर म्हणते, "मग सर तुम्ही राइट हँडनं ट्राय करा ना, होऊन जाते सवय." मी म्हटलं डोळ्याचं काय करू? तर म्हणते, "एक डोळा बंद करा." उडत्या चकतीवर दोन्ही डोळे उघडे ठेवावे लागतात, वेग आणि अंतर त्याच्यानंच कळते, हे रेंजवरचं नवीन पोरगंही दोन दिवसांत शिकते आणि तुमच्या कंपनीत फोन उचलणाऱ्याला माहीत नाही. तरी मी आवाज चढवला नाही. मग त्यानं विचारलं, "सर तुम्ही शेतकरी का?" हो म्हटलं. "मग सर तुम्हाला एकनळी बस झाली असती, डुकरं हाकलायला एवढी महाग गन कशाला घेतली?"

साहेब, बाबांकडं पीक संरक्षणाची एकनळी होती. रोही आन् रानडुकरं रात्रीतून वावर साफ करतात, ते आम्हाला नका सांगू. पण ही बंदूक मी त्याच्यासाठी घेतली नाही. मला खेळायचं आहे. रविवारी पहाटे उठून दीडशे किलोमीटर नागपूरकडं जायचं, 50 चकत्या मारायच्या, संध्याकाळी परत. 2006 साली मानवजित सिंग संधू ट्रॅपमध्ये, म्हणजे याच उडत्या चकत्यांच्या खेळात, जगज्जेता झाला तेव्हापासून मनात होतं, पंचेचाळिशीत जमलं. शेतकऱ्यानं खेळ म्हणून काही घ्यायचं नाही असा तुमच्या कंपनीचा नियम असेल तर तो दुकानाच्या दारावर लावा, माझे पैसे घ्यायच्या आधी लावायचा होता. आणि लहानपणी आजीनं माझ्या डाव्या हाताला फडकं बांधून उजव्यानं जेवायला लावलं होतं, ती तरी मायेनं करत होती. तुमच्या माणसानं मला सव्वादोन लाख घेऊन हात बदलायला सांगितला.

मी "तुमच्या साहेबाला द्या" म्हटलं आणि फोन कटला.

दुसरी तक्रार चापाची, ही डिसेंबर 2024 पासूनची आहे. पहिली नळी उडते, दुसऱ्यांदा चाप ओढला की तो मेल्यासारखा सैल. तीन-चार जोड्यांत एकदा तरी होते. तुमचा चाप इनर्शियावाला आहे, पहिल्या फैरीच्या धक्क्यानं तो दुसऱ्या नळीवर सरकते. डमी काडतुसं घालून मी घरी पाहिलं, पहिला चाप ओढून दस्त्याचं बूड बुटाच्या तळव्यावर जोरात आपटलं की दुसरा लागते, हळू आपटलं की लागत नाही. मी रेंजवर 24 ग्रॅम छर्र्यांची काडतुसं वापरतो, ऑलिंपिकमध्येही तीच मर्यादा आहे, त्याचा धक्का तुमच्या यंत्राला पुरत नाही. तुमचा मेकॅनिक म्हणाला भारी काडतूस वापरा. चकतीच्या खेळाची म्हणून विकलेली बंदूक चकतीच्या काडतुसावर चालत नाही, मग ती कशाची बंदूक आहे?

वॉरंटी संपली म्हणतात. एक वर्षावर 19 दिवस झाले म्हणे. विधानसभेच्या आचारसंहितेत ही बंदूक साधारण 40 दिवस पोलीस ठाण्यात जमा होती, पावती आहे, ते दिवस तुम्ही वॉरंटीत धरले. आणि चापाची पहिली तक्रार वॉरंटीतलीच आहे, तारखेसकट मेल आहे. "बंदूक पाठवून द्या" असंही सांगतात. कुरिअरनं पाठवायला हा मिक्सर आहे का? मला स्वतः परवाना घेऊन यावं लागते, ठेवून घेतल्याची पावती घ्यावी लागते, एक चक्कर म्हणजे मजुरांचा एक दिवस बुडाला. अशा दोन चकरा झाल्या आणि दोन्ही वेळा "इंजिनीअर सुट्टीवर".

चोकची चावी डब्यात नव्हतीच. पाच फोनमध्ये सांगितलं, सहाव्यातही सांगितलं. दोन्ही नळ्यांत फुल चोक बसवून आले, बाकीचे डब्यात पडून आहेत. स्कीट या चकतीच्याच दुसऱ्या खेळात चकती वीसेक यार्डावर फुटते, तिथं फुल चोकचा मार इतका आवळलेला की जराही चूक चालत नाही, तिथं मोकळा चोक पाहिजे. दुसऱ्या कंपनीची चावी बसत नाही, नाणं घालून फिरवलं तर खाच खराब होते. तीनशे-चारशे रुपयांच्या लोखंडाच्या तुकड्यासाठी वर्ष झालं.

मला पाहिजे ते असं. दस्ता कास्ट-ऑनचा, डाव्या तळहाताच्या मुठीचा, माझं माप घेऊन, तुमच्या खर्चानं. चाप 24 ग्रॅमवर चालेल असा करून माझ्यासमोर 50 काडतुसं मारून दाखवा, काडतुसांचे पैसे मी देतो. वॉरंटी त्या दिवसापासून मोजा. आणि चोकची चावी. हे जमत नसेल तर डीलरमार्फत रीतसर नोंद करून बंदूक परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या.

15 दिवस वाट पाहतो. त्यानंतर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातो, आता राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंत फीसुद्धा नाही, वकिलाशी बोलणं झालं आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंद कालच केली. मला भांडायची हौस नाही. तुमच्या नळ्या चांगल्या आहेत, उस्तादही म्हणाले की काम साफ आहे, बिजागरी घट्ट आहे, म्हणून तर जास्त वाईट वाटते, इतकी चांगली वस्तू बनवता आणि ती कोणाच्या खांद्याला लागणार आहे ते विचारत नाही. आमच्या इकडचे अजून दोघं तुमचीच घ्यायची म्हणत होते, मी त्यांना थांबायला सांगितलं आहे.

उत्तर लेखी आणि मराठीत द्या. त्या पोराला फोन करायला लावू नका.

तुमचा डावखुरा गिऱ्हाईक,
यवतमाळ जिल्हा

सोबत: ऑर्डर फॉर्मची झेरॉक्स, पुठ्ठ्याचे फोटो, ठाण्याची पावती, चापाच्या तक्रारीचे मेल.