मशीन चालवणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं, तर तुम्ही घडी घालून खिशात टाकलं असतं आणि लगेच प्रोजेक्टरची लेन्स पुसायला घेतली असती. म्हणून चारचौघांत लिहितो आहे. तुमचं नाव घातलेलं नाही. तशी तुमचीच अट होती.

या शहरात आलो तेव्हा माझ्याकडे प्रायोगिक चित्रपटांची एक लांबलचक यादी होती आणि ओळखीचं कुणी नव्हतं. ते दाखवायला जागा मागायला जाईन तिथे पहिला प्रश्न यायचा, ‘गोष्ट काय आहे?’ गोष्ट नाही म्हटलं की दुसरा, ‘मग लोक बघणार काय?’ तुम्ही यातलं काहीच विचारलं नाहीत. तुमचा प्रश्न होता, ‘प्रिंट किती वेगाची?’

मला सांगता आलं नाही. मूकपट म्हणजे आवाज नाही, एवढंच माझं ज्ञान. सेकंदाला 18 फ्रेमसाठी केलेला 24 मिनिटांचा चित्रपट 24 च्या वेगाने लावला की 18 मिनिटांत उरकतो, आणि त्यातला माणूस उगाचच घाईत असल्यासारखा दिसतो, हे तुम्ही समजावलंत. मी घरी जाऊन सगळी यादी पुन्हा तपासली. चार ठिकाणी वेग चुकला असता. इतकी वर्षं प्रेक्षक म्हणून बसलो आणि वेग कुणीतरी ठरवतं, हे कधी मनातही आलं नव्हतं.

मग खोली. मी खुर्च्या मोजत होतो. तुम्ही दिवे बंद करून मधोमध पाच मिनिटं नुसते उभे राहिलात. डोळे सरावल्यावर उजेड कुठून कुठून शिरतो ते दिसायला लागलं. दाराखालची फट, खिडकीचा कोपरा, स्विचबोर्डावरचा लाल ठिपका. निम्मा वेळ पडदा काळाच असणाऱ्या चित्रपटाला तो ठिपकाही पुरे, म्हणालात. काळं कापड तुम्हीच आणलंत. मशीन बाहेरच्या बोळात ठेवून काचेतून दाखवू, हा माझा हट्ट तुम्ही मोडून काढलात, तेही बरंच झालं. मूकपट चालू असताना मागे होणारी ती खडखड आता लोकांना हवीशी वाटते.

पहिल्या प्रयोगाला अकरा माणसं होती. सातव्या मिनिटाला चित्र उभं थरथरायला लागलं. एकजण पुटपुटला, ‘वा, काय परिणाम साधलाय!’ मीही क्षणभर फसलो, खोटं कशाला बोलू! लूप, म्हणजे मशीनमधला फिल्मचा सैल वळसा, गेला होता. गेटमध्ये, म्हणजे लेन्समागच्या चौकटीत, फिल्म एकेक फ्रेम थबकत सरकते, वरखालची दातेरी चाकं मात्र अखंड फिरत असतात. या दोन चालींचा मेळ त्या सैल वळशामुळे बसतो. वळसा संपला की फिल्मच्या कडेची भोकं फाटायची भीती. प्रिंट परक्याची, भाड्याने आणलेली. मी धावत येईपर्यंत तुम्ही खटका दाबून लूप पूर्ववत केला होता. अकरांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही.

त्या रात्री सामान आवरताना मी तुम्हाला माया डेरेनबद्दल सांगत होतो. 1946 साली तिने न्यूयॉर्कमध्ये एक छोटं नाट्यगृह घेऊन आपले चित्रपट स्वतःच दाखवले. त्यातून उमेद घेऊन एमोस व्होगेलने 1947 मध्ये ‘सिनेमा 16’ ही फिल्म सोसायटी काढली आणि ती 1963 पर्यंत चालवली. तुम्ही फिल्म गुंडाळत गुंडाळत सगळं ऐकलंत आणि विचारलंत, ‘मशीनवर कोण होतं?’

काका, त्या प्रश्नाने माझी झोप उडवली. दिग्दर्शक, आयोजक, समीक्षक अशी कितीतरी नावं मला तोंडपाठ आहेत. मशीनवरचं एकही नाही. हे पत्र खरं म्हणजे तेव्हापासूनच डोक्यात आहे.

तुमचं सगळंच मला पटलं असं समजू नका. ‘आधी बोलू नकोस, दिवा घालव’ हे तुमचं म्हणणं मी अजून पुरतं मानत नाही. दोन मिनिटं तरी बोलणारच. पण लखलखाट करणाऱ्या चित्रपटाच्या दिवशी दोन मिनिटांच्या त्या बोलण्यात नेमकी महत्त्वाची गोष्ट माझ्याकडून राहून गेली असती. दाराशी फळ्यावर तुम्हीच खडूने लिहिलंत, की उजेडाची सतत वेगाने उघडझाप होणार आहे, अपस्माराचा त्रास असलेल्यांनी आत येऊ नये. एक मुलगी ते वाचून परत गेली. जाताना तिने तुमचे आभार मानले, माझे नाही. आणि ते रास्तच होतं.

पण माणसं टिकली ती काळ्या लीडरमुळे, म्हणजे चित्र नसलेल्या कोऱ्या काळ्या फिल्मपट्टीमुळे. 1963 साली स्टॅन ब्रॅकेजने पतंगांचे पंख पारदर्शक चिकटपट्टीत दाबून, कॅमेऱ्याला हात न लावता एक फिल्म केली होती, असं मी सांगितलं तेव्हा लोकांनी माना डोलावल्या, इतकंच. तुम्ही पेटीतून काळी लीडर काढलीत, प्रत्येकाला तीन तीन फूट तुकडा आणि एकेक टाचणी दिलीत. सोळा एमएम रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात 40 फ्रेम. तासभर मान मोडून खरवडलेले तीन फूट पडद्यावर पाच सेकंदांत संपले! सगळे एकदम ओरडले, ‘परत लावा!’ तुम्ही चार वेळा लावलंत, आणि नंतर गेटमध्ये अडकलेला काळा भुगा ब्रशने झाडत एकटेच बसलात. त्या दिवसापासून गोष्ट काय म्हणून कुणी विचारलेलं नाही.

या शनिवारची प्रिंट आली आहे. डब्यावर 18 लिहिलंय, पण पहिल्या जोडाजवळ भोकं जरा चिरलेली दिसतात. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय मशीनवर चढवणार नाही. तासभर आधी या. तुमची बॅटरी मागच्या वेळी माझ्याकडेच राहिली, ती आणतो.

तुमचा,
यादीवाला