गुलाबी प्लाझ्मा आम्ही का टाकून देतो : ताईस पत्र

बॉस्टन,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलेस, की हिमोलाइज्ड, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या, सॅम्पलमध्ये पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते म्हणून कराडच्या तुझ्या लॅबमध्ये रक्त पुन्हा मागवतात. पण आम्ही तर पोटॅशियम मोजतच नाही, मायक्रोआरएनए मोजतो, मग किंचित गुलाबी दिसणारा प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा रक्तातला द्रव) आम्ही का टाकून देतो? प्रश्न इतका नेमका होता की फोनवरच्या दोन वाक्यांत त्याची बोळवण करणे मला बरे वाटले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे २२ अक्षरांचा, आरएनएचा तुकडा. त्यापासून प्रथिन तयार होत नाही; उलट, ज्या संदेशवाहक आरएनएपासून प्रथिन तयार व्हायचे त्याला चिकटून तो त्या कामाला आवर घालतो. व्हिक्टर अँब्रॉस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या गटांनी १९९३ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत पहिला मायक्रोआरएनए, लिन-४, दाखवून दिला, तेव्हा ही त्या कृमीपुरतीच गोष्ट असावी असे बहुतेकांना वाटले. २००० मध्ये लेट-७ सापडला आणि तो माशीपासून माणसापर्यंत जवळजवळ जसाच्या तसा आढळला, तेव्हा कुठे या विषयाकडे सर्वांचे लक्ष वळले. गेल्या ऑक्टोबरमध्ये या दोघांना नोबेल जाहीर झाले तेव्हा आमच्या मजल्यावर खरोखर आनंद झाला. रुव्हकुन याच शहरात काम करतात.

असे अडीच हजारांवर मायक्रोआरएनए माणसात नोंदले गेले आहेत. ते एकाच वेळी मोजायचे तर मायक्रोॲरे उपयोगी पडते. काचेच्या पट्टीवर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे हजारो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यात एका ठरावीक मायक्रोआरएनएला पूरक असे डीएनएचे धागे, म्हणजे प्रोब, रोवलेले असतात. आम्ही १०० नॅनोग्रॅम एकूण आरएनए घेतो, टी-४ आरएनए लायगेज या विकराने प्रत्येक तुकड्याच्या टोकाला सायनाइन-३ हा रंग जोडतो आणि ते मिश्रण पट्टीवर घालून ५५ अंश सेल्सियसला २० तास फिरत ठेवतो. नंतर पट्टी धुऊन स्कॅनरमध्ये ठेवली की ज्या ठिपक्याची चमक जास्त, तो मायक्रोआरएनए नमुन्यात जास्त. अडचण तुकड्याच्या लांबीतच आहे. लांब आरएनएमधला सोयीचा भाग प्रोबसाठी निवडता येतो. इथे अवघी २२ अक्षरे, त्यामुळे निवडीला वावच नाही. त्यातून लेट-७ च्या कुटुंबातील काही भावंडांत फरक केवळ एका अक्षराचा, म्हणून एकाच्या प्रोबवर दुसरा थोडाफार चिकटतोच. नवे मायक्रोआरएनए शोधायला सीक्वेन्सिंगच, म्हणजे अक्षरांचा क्रम वाचणेच, हवे. पण ठाऊक असलेले मायक्रोआरएनए शेकडो नमुन्यांत एकसारख्या पद्धतीने ताडून पाहायचे असतील, तर मला आजही ॲरे अधिक सोयीचे वाटते.

या मोजमापाला एवढे महत्त्व का, हे एका उदाहरणावरून दिसेल. नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये टॉड गोलब यांच्या गटाने काचेऐवजी रंगीत सूक्ष्म मण्यांवर प्रोब बसवून ३३४ नमुन्यांतील २१७ मायक्रोआरएनए मोजले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांचा मूळ अवयव ओळखणे कठीण, अशा १७ गाठींपैकी १२ गाठींचे मूळ मायक्रोआरएनएच्या नोंदीवरून बरोबर ठरले. हजारो संदेशवाहक आरएनएच्या नोंदीवरून केवळ एका गाठीचे.

त्यानंतर साहजिकच सर्वांची नजर रक्ताकडे गेली, कारण गाठीचा तुकडा काढण्यापेक्षा रक्त घेणे केव्हाही सोपे. तुझा प्रश्न इथेच येतो. तांबड्या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ हे मायक्रोआरएनए भरपूर असतात. सुईतून रक्त जोराने ओढले, टुर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) फार वेळ आवळून ठेवला किंवा बल्ब (रक्ताची नळी) जोराने हलवला आणि पेशी फुटल्या, तर ते सगळे प्लाझ्मात उतरते. ॲरेला ते रुग्णाच्या आजारातून आले की फुटलेल्या पेशींतून, हे कळण्याची सोय नाही. ठिपका दोन्ही वेळी तितकाच चमकतो. घन गाठींच्या कर्करोगाची खूण म्हणून रक्तात नोंदवलेल्या ७९ मायक्रोआरएनएपैकी ४६ रक्तपेशींतच विपुल असतात, असे २०१२ मध्ये एका पाहणीत दिसून आले. त्यावर कोणाच्या निदानाची आशा बांधलेली असेल, हे मनात आले की वाईट वाटते.

म्हणून आम्ही ४१४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश हिमोग्लोबिन किती शोषते ते तपासतो, कारण डोळ्यांना पिवळसर दिसणारा प्लाझ्माही पुष्कळदा निर्दोष नसतो. शिवाय मिर-४५१ ची तुलना मिर-२३ए शी करतो, कारण पेशी फुटल्या तरी मिर-२३ए फारसा बदलत नाही. रक्त गोठू नये म्हणून बल्बमध्ये रसायन असते; आम्ही बल्ब जांभळ्या टोपणाचा ईडीटीएचाच घेतो. हिपॅरिनचा घेतला तर पुढे पडताळणीसाठी करायचा पीसीआर अडतो. प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करतो, कारण पहिल्या फेरीनंतर राहिलेल्या प्लेटलेट्सही आपले मायक्रोआरएनए मिसळतात.

आकडेमोडीचे थोडक्यात सांगते. अडीच हजार मायक्रोआरएनए पाच टक्के चुकीची मुभा ठेवून तपासले, तर प्रत्यक्षात काहीही फरक नसताना सव्वाशेच्या आसपास निव्वळ योगायोगाने ‘बदललेले’ दिसतील. असे खोटे निकाल आटोक्यात ठेवण्यासाठी बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ ची संख्याशास्त्रीय सुधारणा वापरतो. परंतु रुग्णांचे रक्त एका हाताने आणि निरोगी माणसांचे दुसऱ्या हाताने घेतले गेले असेल, तर कोणतेही सूत्र तो दोष भरून काढू शकत नाही. माझ्या मते या कामातला सर्वांत जबाबदारीचा माणूस रक्त घेणारा असतो, आणि शोधनिबंधात त्याचे नाव क्वचितच येते.

सध्या मी रक्त घेणाऱ्यांसाठी एक पानी सूचना तयार करीत आहे. नव्या मुलांना तू सुई धरायला कशी शिकवतेस, टुर्निके केव्हा सोडायला सांगतेस, बारीक शिरांच्या वृद्धांचे रक्त न फुटता कसे काढतेस आणि बल्ब किती वेळा उलटा करायला लावतेस, हे सवडीने लिहून पाठव. पुढच्या खेपेचे नमुने मार्चअखेरीस सुरू होतील. त्याआधी मिळाले तर फार बरे होईल.

भाऊजींना सा. न. आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझी,
धाकटी बहीण