भोंगा कोणी वाजवायचा, हे आधी ठरवा

संपादक महोदय,

१६ मे ही तारीख मी विसरू शकत नाही. २०२१ साली त्या दिवशी तौक्ते चक्रीवादळ गोव्याचा किनारा घासून गेले. मी तेव्हा लाईनमन म्हणून नोकरीत होतो, आणि पुढचे कित्येक दिवस आम्ही खांबांवरच काढले. चार वर्षांनी, १६ मे २०२५ रोजी, अमेरिकेतील सेंट लुईस शहरावर टॉर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारे गरगर फिरणारे वादळ, आदळला. माझी भाची त्या शहरात राहते. आता पुन्हा मे महिना तोंडावर आला आहे. विजेच्या वाहिन्यांवर आलेल्या फांद्यांची छाटणी सुरू झाली आहे. अशा वेळी धोक्याच्या भोंग्याची एक गोष्ट गोव्यातल्या वाचकांपुढे आणि सरकारपुढे ठेवावीशी वाटते, म्हणून हे पत्र.

सेंट लुईस हे मिसिसिपी नदीच्या काठचे मोठे आणि जुने शहर. लाल विटांच्या घरांसाठी ते ओळखले जाते. टॉर्नेडो त्याला नवा नाही. २७ मे १८९६ रोजी तेथे आणि नदीपलीकडच्या वस्तीत मिळून २५५ माणसे मेली. १९२७ साली आणि १९५९ सालीही असाच तडाखा बसला. म्हणून तेथे धोक्याचे भोंगे शहरभर उभे केलेले आहेत आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ११ वाजता ते वाजवून पाहतात. १६ मे २०२५ रोजी तिथल्या हवामान खात्यानेही आपले काम चोख केले. दुपारी अडीचनंतर इशारा निघाला आणि थोड्याच मिनिटांत वादळ शहरात घुसले. एवढे सगळे असून शहराचे भोंगे वाजले नाहीत.

कारण ऐकून माझ्या जिवाला फार लागले. शहराच्या आपत्ती व्यवस्थापनाचे कर्मचारी त्या दिवशी कार्यालयात नव्हते, बाहेर एका कार्यशाळेला गेले होते. भोंग्याचे बटण त्यांनी दाबायचे की अग्निशामक दलाने, याबद्दलच्या सूचना स्पष्ट नव्हत्या. वादळानंतर तपासून पाहिले तेव्हा अग्निशामक दलाकडचे बटण चालतच नव्हते, असे आढळले. मग अधिकाऱ्याला रजेवर पाठवले गेले आणि महापौरांनी आदेश काढून जबाबदारी अग्निशामक दलाकडे सोपवली. हा आदेश आठ दिवस आधी निघाला असता तर त्यासाठी कोणाला काय खर्च येणार होता?

भाचीने सांगितले ते असे. तिचा मोबाईल मोठ्याने कर्कश वाजला, तो इशारा वाचून ती जिन्याने तळघरात उतरली. तिच्या इमारतीत एक वृद्ध बाई एकट्या राहतात. त्यांच्याकडे मोबाईल आहे, पण तो बहुतेक वेळ बंद असतो. भोंगा वाजला की खाली यायचे, हे त्या वर्षानुवर्षे करत आलेल्या. भोंगा न वाजल्यामुळे त्या वरच खिडकीशी बसून होत्या. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा धावत वर गेला, दार बडवले आणि त्यांना हाताला धरून खाली आणले. नंतर वर जाऊन पाहतात तर खिडकीच्या काचा खुर्चीवर आणि पलंगावर विखुरलेल्या. जवळच फॉरेस्ट पार्क नावाचे मोठे उद्यान आहे, तिथली जुनी प्रचंड झाडे मुळासकट आडवी झाली होती. त्या वादळातला वारा ताशी सुमारे २४५ किलोमीटरपर्यंत गेल्याचे नंतर ठरवण्यात आले. तौक्तेच्या वेळी गोव्यात जी पडझड झाली ती याच्या निम्म्या वाऱ्यानेसुद्धा नव्हे.

कोणी म्हणेल, टॉर्नेडो अमेरिकेत होतात, आपल्याला त्याचे काय? गोव्यावर उद्या असे वादळ येणार आहे, असे मी म्हणत नाही, आणि लोकांना घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण भारतात ते होतच नाहीत, हेही खरे नाही. १७ मार्च १९७८ रोजी संध्याकाळी खुद्द दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात टॉर्नेडो आला. दोन-तीन मिनिटांचाच खेळ, पण त्यात २८ माणसे गेली आणि सातशेच्या आसपास जखमी झाली. ३१ मार्च २०२४ रोजी बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यात काही मिनिटांच्या वादळाने वस्त्या जमीनदोस्त केल्या, माणसेही दगावली. बांगलादेशात तर २६ एप्रिल १९८९ रोजीच्या टॉर्नेडोत सुमारे १,३०० माणसे मेल्याची नोंद आहे, जगात एवढे बळी दुसऱ्या कुठल्या टॉर्नेडोने घेतलेले नाहीत.

चक्रीवादळ समुद्रात तयार होते, ते कुठे चालले आहे हे दिवसेंदिवस आधी कळते. तौक्तेच्या वेळी आम्हाला तयारीला वेळ मिळाला होता, शिड्या, दोर, करवती सगळे गाडीत भरून आम्ही बसलो होतो. टॉर्नेडो मात्र गडगडाटी ढगातून निघतो. जमिनीजवळचा वारा एका दिशेने आणि उंचावरचा दुसऱ्या दिशेने जोरात वाहत असला की ढगातली हवा फिरू लागते, आणि कधीकधी ते फिरणे जमिनीपर्यंत पोचते. डॉप्लर रडारला ढगातले हे फिरणे दिसते, पण दिसल्यापासून हातात उरतात ती मिनिटे. आपल्याकडे पावसापूर्वीच्या दिवसांत येणारा सोसाट्याचा वारा, वीज पडणे, नदीला अचानक येणारा लोंढा, या सगळ्यांचेही तसेच असते. पणजीच्या वेधशाळेकडे डॉप्लर रडार आहे. पुढच्या तीन तासांचा इशारा वेधशाळा देते, आणि तो बहुतेक जण मोबाईलवर नंतर, वादळ येऊन गेल्यावर वाचतात. भात कापणारी बाई, होडीवरचा रापणकार, गुरे घेऊन डोंगरावर गेलेला म्हातारा यांच्यापर्यंत तो वेळेत जातो का, हा माझा प्रश्न आहे.

भोंगे आपल्याकडेही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये पर्वरीच्या टेकडीवरचा भोंगा एका रात्री वीस मिनिटांहून जास्त वेळ वाजत राहिला. लोक घराबाहेर आले, एकमेकांना फोन करू लागले. कसलाही धोका नव्हता, यंत्रणेतला बिघाड असावा असे मग सांगण्यात आले. मला त्या रात्रीची खरी काळजी वेगळीच वाटते. भोंगा वाजला तर काय करायचे, हे त्या लोकांपैकी कोणालाही माहीत नव्हते. घरात थांबायचे की बाहेर यायचे? उंचावर जायचे की खाली? आणि असा एकदा उगाच वाजलेला भोंगा पुढच्या वेळी खरा वाजला तर माणसे पांघरूण ओढून झोपून राहतील.

टॉर्नेडो असो की नुसते जोराचे वादळ, घरात सर्वांत खालच्या मजल्यावर, मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत थांबावे, असे जगभर सांगतात. आमच्या पेडणे तालुक्यातल्या जुन्या घरांना नळ्यांचे छप्पर असते. पागोळीखालून वारा आत शिरला की नळे उचलले जातात, मागोमाग रीपा जातात आणि मग वासेही. अशा घरातली मधली खोलीसुद्धा तितकी भरवशाची नाही. म्हणून प्रत्येक वाड्यावर स्लॅबचे मजबूत घर कोणाचे आहे, ते घर अशा वेळी सगळ्यांना उघडे राहील का, आणि चालता न येणाऱ्या माणसाला तिथे कोण नेणार, हे वाड्यावरच्या लोकांनी बसून ठरवायला हवे. एका संध्याकाळचे काम आहे. आमच्या वाड्यावर आम्ही ते केले आहे. ज्यांच्या घरी यायचे ठरले त्या वहिनींनी लगेच होकार दिला, आणि जिन्याखालची खोली रिकामी करून ठेवली.

वादळानंतरचे बोलायचे तर ते माझे क्षेत्र आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माणसे वादळात मरतात तशी वादळ गेल्यावरही मरतात. माड वाहिनीवर पडतो, तार तुटते आणि चुडतांच्या ढिगाखाली लपते. वीज गेलेली आहे, म्हणजे तार मेलेली आहे, असे समजून लोक अंगण साफ करायला कोयता घेऊन उतरतात. तौक्तेनंतर एका घरापुढे मी स्वतः पाहिले. घरमालक ओल्या बांबूने तार बाजूला सारायला निघाले होते. मी रस्त्यावरूनच ओरडलो तेव्हा थांबले. ओला बांबू वीज वाहून नेतो. जमिनीवर पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असेच धरावे, तिच्यापासून लांब राहावे, मुलांना आणि गुरांना लांब ठेवावे, आणि कळवावे.

दुसरी गोष्ट जनरेटरची. घरचा जनरेटर चालू करताना मेन स्विच बंद न करता त्याची वायर सॉकेटात खुपसणारे लोक आहेत. तसे केले की तो करंट घरातून उलटा वाहिनीवर जातो. तिथून तो ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो, आणि जो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे घरगुती विजेत रूपांतर करतो तोच मग उलट्या बाजूने घरगुती विजेचे ११ हजार व्होल्ट करतो. वर खांबावर चढलेल्या माणसाने आपला फीडर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी मुख्य वाहिनी, बंद करून घेतलेला असतो. टेस्टरने पाहून, तारा एकत्र जोडून, जमिनीला अर्थ देऊन मगच आम्ही हात लावायचो, म्हणून आज हे लिहायला मी आहे. पण घाईत एखादा खांब अर्थ न देता राहिला तर? ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी पावसाआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी वाहिनी किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच, बसवून घ्यावा, ही माझी हात जोडून विनंती आहे. तौक्तेच्या त्या मे महिन्यात करोनाची दुसरी लाट होती. घराघरांत आजारी माणसे होती, कोणाच्या उशाशी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर होता, आणि लोक आम्हाला रडत फोन करायचे. त्यांच्यासाठी जनरेटर लागतच होता. जनरेटर लावू नका असे माझे म्हणणे नाही, नीट लावा असे आहे.

सेंट लुईसमध्ये पाच हजारांच्या आसपास इमारतींचे नुकसान झाले. सर्वांत जास्त मार बसला तो शहराच्या उत्तर भागाला, जिथे बहुतेक कृष्णवर्णीय आणि गरीब कुटुंबे राहतात. अनेक घरांचा विमा नव्हता. छपरांवर निळ्या ताडपत्र्या आल्या आणि त्या तशाच राहिल्या. अमेरिकेच्या केंद्र सरकारने मोठी आपत्ती म्हणून जाहीर केले ते ९ जूनला, म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त दिवसांनी. तोवर शेजारी, चर्चची माणसे आणि दुसऱ्या वस्त्यांतून आलेले स्वयंसेवक यांनीच जेवण पोचवले, झाडे कापली, विटा उचलल्या. भाचीही सुटीच्या दिवशी तिकडे जाऊन पाण्याच्या बाटल्या वाटायची.

आपल्याकडे याच ठिकाणी मुंडकारांचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचा, प्रश्न उभा राहतो. वादळात छप्पर गेले की तलाठी पंचनामा करतो, मदतीसाठी कागद मागितले जातात. १९७५ सालचा मुंडकार कायदा असूनही कित्येकांची नावे अजून नोंदलेली नाहीत. जमिनीच्या नोंदीच्या, एक-चौदाच्या उताऱ्यावर घराचा उल्लेख नाही, घरपट्टी आजोबांच्या नावावर, सहमालकांपैकी कोणी मुंबईत तर कोणी पोर्तुगालात. अशा घरात राहणाऱ्या माणसाचे नळे उडाले तर त्याला मदत कशाच्या आधारावर द्यायची? जो तिथे राहतो आणि ज्याच्या डोक्यावरचे छप्पर गेले त्याला, शेजाऱ्यांच्या आणि पंचाच्या साक्षीवर, तातडीची रक्कम मिळायला हवी. मालकीचा वाद नंतर चालू द्या. पाऊस त्यासाठी थांबत नाही.

सरकारकडे माझे मागणे लहान आहे. प्रत्येक भोंग्यासाठी एक जबाबदार हुद्दा ठरवावा, तो माणूस रजेवर किंवा बैठकीला असला तर बटण कोण दाबणार तेही ठरवावे, आणि हे सगळे पंचायतीच्या फलकावर फोन नंबरसह मराठीत आणि कोकणीत लावावे. महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी भोंगा वाजवून पाहावा. आवाज किती वाड्यांपर्यंत जातो हे पंचांनी त्या वेळी उभे राहून ऐकावे. आमच्या मोरजीसारख्या गावात समुद्राच्या गाजेत आणि पावसाच्या आवाजात तो ऐकू येणार नाही अशा जागा निघतील. तिथे देवळाचा आणि चर्चचा ध्वनिक्षेपक किंवा घंटा वापरता येईल का, हे मंदिर समितीला आणि पाद्रींना आताच विचारून ठेवावे.

येत्या ग्रामसभेसाठी मी हे प्रश्न सचिवांकडे लेखी दिले आहेत आणि पोच घेतली आहे. पंचायतीकडून आणि तालुका पातळीवरून जे उत्तर येईल ते आपल्या वृत्तपत्राकडे पाठवीन. इतर गावांतल्या वाचकांनीही आपापल्या ग्रामसभेत हाच प्रश्न लेखी द्यावा.

आपला,
एक निवृत्त लाईनमन,
मोरजी, पेडणे