घड्याळाचा सेल आणि आईची फाइल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "जाऊ दे गं, मीच काहीतरी भलतं बटण दाबलं असेल." ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही. आई, तू काहीही भलतं दाबलं नव्हतंस. काय घडलं ते मला आता नीट उलगडलंय, आणि ते तुम्हा दोघांनाही कळायला हवं, म्हणून निवांत बसून लिहितेय.

बाबा, तुम्ही खूण अगदी बरोबर सांगितली होती. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की तारीख १ जानेवारी २०१५, आणि एकही वेबसाइट धड उघडत नाही, "कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा येतो. दुरुस्तीवाल्याने अर्धवट ऐकलं, व्हायरस असेल म्हणाला आणि न विचारता फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून दिला. त्याच्याकडे दोन दिवस छान चालला. घरी आणल्यावर दुसऱ्याच सकाळी पुन्हा २०१५. आणि या सगळ्यात आईच्या आठवणींची फाइल पुसली गेली. त्या माणसाचा मला राग आहे. पण बिघाड हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा हे तुम्हाला ओळखता आलं असतं, तर तुम्ही त्याला तिथेच थांबवलं असतं. ते मी कधी समजावलं नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

हात लावता येतो ते हार्डवेअर आणि लावता येत नाही ते सॉफ्टवेअर, हे तुम्ही ऐकलेलं आहे. खरं आहे, पण बिघाड शोधताना त्याचा फार उपयोग होत नाही. मला दुसरा फरक महत्त्वाचा वाटतो. हार्डवेअर झिजतं. पंख्यात धूळ बसते, वायर सैल होते, सेल संपतो. सॉफ्टवेअर म्हणजे लिहून ठेवलेल्या सूचना. त्या झिजत नाहीत. त्यांत चूक असू शकते, त्या जुन्या होतात, बिघडतात, पण पुन्हा टाकल्या की पहिल्यासारख्या कोऱ्या. म्हणून विंडोज नव्याने टाकल्यावरही तोच त्रास तसाच परत आला, तर संशय हार्डवेअरवर घ्यायचा. आपल्याकडे नेमकं तेच झालं.

ही फारकत पहिल्यापासून नव्हती. १९४५ साली तयार झालेल्या एनिॲक या कॉम्प्युटरमध्ये सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब (विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या काचेच्या नळ्या) होत्या, आणि नवं गणित करायचं तर माणसांना वायरी काढून दुसरीकडे खोचाव्या लागत. आज तोच डबा सकाळी हिशेब करतो आणि दुपारी गाणी वाजवतो, कारण वायरींना हात न लावता फक्त सूचना बदलतात.

त्या डब्याला आपण सगळे "सीपीयू" म्हणतो, पण तो नुसता कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली बसलेली छोटी चौकोनी चिप असते. बाकी मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात ती मोठी पाटी), रॅम, डिस्क आणि वीजपुरवठा.

आई, तुझी नेहमीची तक्रार घे. मराठी टाइप करता करता अचानक इंग्रजी अक्षरं उमटायला लागतात आणि तुला वाटतं कीबोर्ड बिघडला. कीबोर्डला मराठीही येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. तू बटण दाबलंस की तो फक्त कुठलं बटण दाबलं गेलं त्याचा क्रमांक पाठवतो. पुढचं विंडोज ठरवते. मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे कुठल्या बटणाला कुठलं मराठी अक्षर याची मांडणी, निवडलेलं असेल तर 'के'च्या बटणाला ती 'क' समजते, आणि हा 'क' कॉम्प्युटरमध्ये २३२५ या आकड्याने साठतो. त्या आकड्याला गोलाई, दांडी आणि शिरोरेघ देऊन पडद्यावर काढायचं काम फॉन्टचं. बटण हार्डवेअर, पुढचा सगळा निर्णय सॉफ्टवेअरचा. तेव्हा इंग्रजी उमटू लागलं की विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाब, भाषा बदलेल. असं काहीही दाबून यंत्र मोडत नाही. फाइल मात्र पुसली जाऊ शकते, म्हणून "डिलीट करू का?" असं विचारलं तर थांबून वाच. एवढीच काळजी पुरे.

तू लिहीत असतेस तेव्हा ते शब्द आधी रॅममध्ये असतात. रॅम वेगवान असते, पण तिची आठवण विजेवर टिकते. तिच्या बारीक कप्प्यांमधली वीज सतत गळत असते, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक कप्पा पुन्हा भरावा लागतो. दिवे गेले की भरणं थांबलं, आणि लिहिलेलं गेलं. सेव्ह करणं म्हणजे तेच डिस्कवर उतरवणं, जिथे ते विजेशिवाय राहतं. परिच्छेद संपला की कंट्रोल आणि एस, एवढी सवय लाव.

आता २०१५चं कोडं. कॉम्प्युटर बंद असतानाही मदरबोर्डवर एक घड्याळ चालू असतं. बाबा, तुमच्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात असतो तसाच सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक त्यातही असतो. प्लग चालू असेल तर या घड्याळाला तिथून वीज मिळते, नसेल तर नाण्याएवढ्या एका सेलवरून. तुम्ही रात्री भिंतीवरचं बटण बंद करता. सेल संपलेला, म्हणून घड्याळ रोज रात्री थांबायचं आणि सकाळी मदरबोर्डच्या मूळ तारखेवर जायचं. दुरुस्तीवाल्याकडे प्लग दिवसरात्र चालू असणार, म्हणून तिथे काही दिसलं नाही. वेबसाइट का उघडेना? प्रत्येक सुरक्षित वेबसाइट एक प्रमाणपत्र दाखवते, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं असतं. कॉम्प्युटरच्या लेखी साल २०१५, म्हणजे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. त्याने नाकारलं, ते त्याच्या परीने योग्यच होतं. फॉरमॅटने विंडोज नवी झाली, सेल तोच राहिला.

नवा सेल या पाकिटात आहे. त्यावर सीआर२०३२ असं लिहिलंय: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. व्होल्ट ३. बाबा, हे तुम्ही स्वतः करा, तुमचा हात स्थिर आहे. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीवरचा प्लग काढा, कॅबिनेटचं झाकण उघडा. आधी आतल्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. मदरबोर्डवर गोल चकाकती चकती दिसेल. जुनी कशी बसलीय ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मग बाजूची बारीक पट्टी नखाने ढकला, ती आपोआप वर येईल. नवी बसवताना अक्षरांची आणि अधिकच्या खुणेची बाजू तशीच ठेवा. सुरू केल्यावर एकदाच तारीख बरोबर करा. रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय मोडू नका, चांगली आहे.

आई, तुझी फाइल. यंत्र नवं मिळतं, विंडोज पुन्हा टाकता येते, तुझं लिहिलेलं पुन्हा कुठून आणणार? पण मार्चमध्ये तू मला ती वाचायला मेलने पाठवली होतीस. तेवढी ४१ पानं माझ्याकडे सुखरूप आहेत. सोबत पेनड्राइव्ह आहे, त्यात ती टाकलीत. एक प्रत त्यातच राहू दे आणि तो कॉम्प्युटरला कायमचा लावून ठेवू नकोस; लिहून झालं की कॉपी करून काढून ठेवत जा. महिन्यातून एकदा मलाही मेल कर. यापुढे कोणी फॉरमॅट म्हणालं, तर आधी मला फोन.

काल रात्री ती पानं पुन्हा वाचली. ४१व्या पानाच्या तळाशी वाक्य अर्धंच आहे: "वडिलांनी सायकलची मागची सीट सोडली आणि मागून ओरडून". आजोबा काय ओरडले, ते लिही ना.

तुमची लेक